ढील देणारी चकरी

"सर, लय मोठा होता जी! एवढा!"

सोमवारी परिपाठ संपतो न संपतो तोच आमच्या शाळेतला एक विद्यार्थी दोन्ही हात पसरून माझ्यापुढे उभा राहिला. हातांमधलं अंतर पाहून बाकीची पोरं हसली. पण त्याच्या उजव्या तळहातावर आडवी लाल रेघ उमटली होती. तंगूस कापत गेल्याची. ती काही खोटी नव्हती.

झालं होतं ते असं. आमचं गाव अरुणावतीच्या काठी, दिग्रस तालुक्यात. रविवारी हा पठ्ठ्या बांबूची काठी, हातभर तंगूस आणि कणकेच्या गोळ्या घेऊन डोहावर बसला होता. मोरपिसाचं देठ पाण्यात गडप झालं, याने काठी उचलली, तर काठी धनुष्यासारखी वाकली. त्याने काठी टाकून दोरा हातात धरला. मासा एकदा जोरात पळाला, आणि कट्! गळासकट दोरा गेला.

"सर, दुकानदार म्हणे पाच किलोचा दोरा हाये. मासा तीन-चार किलोचा असन. मंग तुटला काऊन?"

प्रश्न चांगला होता. मुलांनो, तुम्हीही आधी विचार करून पाहा, मग पुढे वाचा.

पहिली गोष्ट अशी, की पाण्यातल्या माशाचं वजन दोऱ्यावर जवळजवळ पडतच नाही. पाणीच त्याला उचलून धरतं. दोऱ्याला ताण बसतो तो माशाच्या पळण्याचा. आणि पळणारी वस्तू एकदम अडवली, तर धक्का केवढा बसतो ते क्रिकेट खेळणाऱ्याला सांगायला नको. झेल घेताना हात मागे नेला तर चेंडू अलगद बसतो. हात ताठ ठेवला तर बोटं झिणझिणतात. चेंडू तोच, वेगही तोच. फरक एवढाच, की एकदा तो हातभर अंतरात थांबला आणि एकदा बोटभर अंतरात. आमच्या गड्याने मुठीत दोरा गच्च आवळून माशाला बोटभर अंतरात थांबवायला पाहिलं. दोरा तुटणारच!

"म्हणजे ढील द्या लागत होती," मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली. संक्रांतीला पतंग उडवण्यात हिचा हात कोणी धरत नाही.

बरोबर, ढील! पण नुसती ढील दिली तर मासा सगळा दोरा घेऊन पलीकडच्या काठाला जाईल. ढील द्यायची, पण थोडं धरून धरून. ही कसरत हाताने करायची तर तळहाताचं काय होतं ते आपण पाहिलंच. त्यासाठी माणसाने एक चकरी शोधून काढली. काठीला बांधायची चकरी, म्हणजे रीळ. ही युक्ती जुनी आहे. चीनमधल्या मा युआन या चित्रकाराने सुमारे 1195 साली काढलेल्या एका चित्रात होडीत बसलेल्या कोळ्याच्या काठीला असं छोटं चाक दिसतं.

योगायोग असा, की त्याच दिवाळीत माझा आतेभाऊ कॅनडाहून आला. तो तिकडे पश्चिम किनाऱ्याकडच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात राहतो आणि सुट्टीच्या दिवशी सॅल्मन मासे धरायला नदीवर जातो. त्याच्या बॅगेत एक रीळ होतं. मी ते हक्काने मागून शाळेत नेलं, आणि त्यालाही नेलं!

सॅल्मन हा मोठा नवलाचा मासा. जन्म नदीत, वाढ समुद्रात, आणि अंडी घालायला पुन्हा नदीत. त्यातला सर्वांत मोठा चिनूक. 1985 साली अलास्कातल्या केनाई नदीत गळाला लागलेला एक चिनूक 44 किलोचा भरला. आमच्या पाचवीच्या वर्गात एवढ्या वजनाचं कोणीच नाही, हे पोरांनी लगेच एकमेकांकडे बघून ठरवलं.

"दादा, एवढ्या माशाले गळ केवढा लागते?" कोणीतरी विचारलं.

दादाने खिशातून एक डबी काढली. तिच्यात गळच होते, पण पिसं आणि रंगीत दोरे गुंडाळून त्यांचे किडे केलेले. याला म्हणतात फ्लाय, म्हणजे माशी. गंमत बघा. दगड लांब फेकता येतो, पीस फेकता येत नाही. मग पिसाएवढ्या हलक्या गळाला पंधरा-वीस मीटर लांब कसं फेकायचं? इथे दोराच जाड आणि वजनदार करतात, सुमारे 27 मीटरचा. काठीने तो दोरा चाबकासारखा मागेपुढे खेळवायचा, की त्याच्या टोकाचा बारीक तंगूस आणि माशी आपोआप पुढे जाऊन पडतात. या जाड दोऱ्याच्या मागे आणखी शे-दीडशे मीटर बारीक, चिवट दोरा गुंडाळलेला असतो. मासा लांब पळाला तर उपयोगी पडावा म्हणून. हे सगळं मावतं त्या रिळात.

आता असं रीळ निवडायचं कसं? दादाचं म्हणणं असं, की छोट्या ट्राऊटसाठी फार डोकं खाजवू नये. तिथे रीळ म्हणजे दोरा ठेवायची डबी. दातेरी चाकावर टिकटिक करणारं साधं रीळही चालतं. पैसा घालायचा तो मोठ्या माशासाठी. त्याने स्वतः पहिल्यांदा चकचकीत, स्वस्त रीळ घेतलं होतं आणि नदीवर त्याची चांगलीच फजिती झाली. या रिळात मूठ थेट चाकालाच असते. मूठ एक फेरा फिरवली की चाक एक फेरा फिरतं. म्हणजे मासा पळाला की मूठही उलटी गरगरते! दादाच्या बोटांच्या पेरांवर ती फाडफाड बसली, चाक मध्येच अडकलं, आणि त्या मोसमातला सगळ्यात मोठा मासा दोरा तोडून गेला. "तुझ्या हातावर जशी रेघ आहे ना, तसे माझ्या बोटांवर वळ होते," दादा आमच्या गड्याला म्हणाला. दोघांची दोस्ती तिथेच झाली.

ते चाक मध्येच का अडकलं? इथे खरी मेख आहे. रिळात एक ब्रेक असतो, त्याला ड्रॅग म्हणतात. बुचाची किंवा कार्बनची चकती चाकावर दाबून धरते. किती दाबायचं ते बटण फिरवून ठरवतात. आता बैलबंडी ढकलून पाहिली आहे का तुम्ही? पहिल्यांदा हलवायला जीव जातो, एकदा चालू लागली की कमी जोर पुरतो. कारण थांबलेल्या वस्तूचं घर्षण चालत्या वस्तूपेक्षा जास्त असतं. वाईट ब्रेकचं तसंच. आधी हलतच नाही, मग एकदम सुटतो. त्या न हलण्याच्या क्षणातच बारीक तंगूस तुटतो. चांगल्या रिळाचा ब्रेक लोण्यातून सुरी जावी तसा सुरू होतो. दुकानात दोरा हळू ओढून पाहिला की हाताला कळतं.

आम्ही ते शाळेच्या ताणकाट्यावर पाहिलं. दोऱ्याला ताणकाटा अडकवून ओढला. दादाच्या रिळाचा काटा एक किलोवर गेला आणि तिथेच स्थिर राहिला. दादा म्हणाला, पाच किलोचा दोरा असेल तर ब्रेक साधारण सव्वा किलोच्या वर लावू नये.

"एवढा कमी काऊन?" आमच्या गड्याला पटेना.

मग मी खडू घेतला. समजा, रीळ पूर्ण भरलेलं असताना दोरा मध्यापासून 5 सेंटिमीटरवर आहे आणि ब्रेक एक किलोला सुटतो. मासा पळत गेला, दोरा संपत आला, आता तो मध्यापासून अडीच सेंटिमीटरवर आहे. ब्रेकला आपण हातही लावला नाही. तरी आता तो किती किलोला सुटेल? दोन किलोला! विहिरीच्या रहाटाची मूठ लांब असली तर फिरवायला सोपं, आखूड असली तर जड. तसंच हे. त्यात लांब गेलेल्या दोऱ्याला पाणी ओढतं, तो ताण वेगळाच. म्हणून मोठ्या माशासाठी मधला गाभाच जाड असलेलं रीळ घेतात. त्याचा दुसरा फायदा गुंडाळताना. 5 सेंटिमीटरवर एका फेऱ्यात 31 सेंटिमीटर दोरा आत येतो, 2 सेंटिमीटरवर जेमतेम साडेबारा. मासा उलटा आपल्याकडेच धावत आला, तर दोरा भराभर आत घ्यायला हवा ना!

बाकीच्या गोष्टी डोळ्यांनी दिसतात. ओतीव धातूचं रीळ दगडावर आपटलं तर तडकू शकतं, अॅल्युमिनियमच्या एकसंध तुकड्यातून कातून काढलेलं टिकतं. चाक आणि चौकट यांच्यात फट नको, तंगूस नेमका तिथे घुसतो. ब्रेक बंदिस्त असावा, म्हणजे वाळू आणि खारं पाणी आत जात नाही. चाकाची कड बाहेरून मोकळी असावी, म्हणजे वेळ पडल्यास तळहाताने दाबून थोपवता येतं.

चांगल्या रिळाचा एक फायदा माशालाही आहे. तिकडे बरेचजण मासा धरून परत पाण्यात सोडतात. ब्रेक नीट असेल तर मासा लवकर काठाला येतो. नाहीतर तासभर पळून पळून तो इतका दमतो, की सोडला तरी जगत नाही.

ट्राऊट आपल्याकडे मिळत नाही. त्याला थंडगार पाणी लागतं. 1900 साली स्कॉटलंडहून त्याची अंडी काश्मीरला आणली, तिथे तो रुजला. यवतमाळच्या मे महिन्यात बिचाऱ्याची भाजीच होईल! पण आपल्याकडे महाशीर आहे, आणि तो ताकदीत कोणाला ऐकत नाही. हेन्री सलिव्हन थॉमस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1873 साली भारतातल्या गळाच्या मासेमारीवर जाडजूड पुस्तक लिहिलं. झुंज देण्यात महाशीर सॅल्मनला मागे टाकतो, असं त्याचं मत होतं. 1946 साली कावेरीच्या काबिनी या उपनदीत 120 पौंडांचा, म्हणजे 54 किलोंचा महाशीर गळाला लागला. कावेरीतला तो पाठीवर उंचवटा असलेला महाशीर आता नाहीसा व्हायच्या बेतात आहे. 2018 साली तो अतिसंकटग्रस्त ठरला. आपल्या दख्खनच्या महाशीरची पिल्लं मात्र लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात 1970च्या दशकापासून तयार होतात आणि ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली जातात.

"दादा, आपल्या धरणावर जाऊ ना!" पोरांचा हट्ट सुरू झाला. पण धरणात मासे धरायचा ठेका मच्छीमार संस्थेकडे असतो, विचारल्याशिवाय गळ टाकायचा नाही. दादा गेला, विचारून आला, आणि दोन संध्याकाळी काठावर बसून एकही मासा न धरता परतला. माशी आमच्या रोहूला पसंत पडली नाही. पोरं खूश! कणकेची गोळीच बरी, असं सर्वांनी मिळून ठरवलं.

दादा परत गेला. रीळही गेलं. पुढच्या आठवड्यात आमचा गडी जुनी पतंगाची चकरी घेऊन आला. तिच्या एका बाजूला त्याने सायकलच्या ट्यूबचा तुकडा दाबून बसवला होता, नट-बोल्टने आवळायची सोय करून. ताणकाटा लावला. कोरडं असताना काटा दीड किलोवर राहिला. पाण्यात बुडवून काढल्यावर चकरी अर्ध्या किलोलाच घसरू लागली.

"रबर बेकार हाये, सर."

मग त्याने बाटलीच्या बुचाची चकती कापली. ती ओली झाली तरी फारशी बदलली नाही, पण सुरुवातीला हिसका देते. सध्या तो ती पॉलिश पेपरने घासतोय. रोज मधल्या सुट्टीत त्याची दुसरीतली बहीण दोऱ्याचं टोक कमरेला बांधून मैदानभर मासा होऊन पळते, आणि हा चकरी धरून मागे उभा. परवा ती कडुनिंबाला वळसा घालून गेली. दोरा तिथे अडकला, पण तुटला नाही.

"पाह्यलं का, सर!" तो ओरडला. बहीण मात्र झाडाआडून ओरडत होती, "दादा, आता तू मासा हो!"