आधी ओळख, मग पाना



तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर गिअरबॉक्सवर बोलणार, हे फलकावर वाचून काहींना छपाईची चूक वाटली असेल. चूक नाही. वर्गात आम्ही वर्षानुवर्षं 'लक्षण' शिकवलं. लक्षण म्हणजे ज्याच्यावरून वस्तू नेमकी ओळखता येते तो धर्म. पण हे शिकवलेलं आम्हांला स्वतःला कितपत पचलं होतं, त्याची परीक्षा एका जुन्या ट्रकच्या पोटाखाली झाली. आम्ही त्या परीक्षेत आधी नापास झालो. आज तीच हकीकत सांगायची आहे.

आमचा भाचा अमेरिकेत असतो. त्याच्याकडे १९८६ सालची शेव्हरोले पिकअप आहे. तिकडे पिकअपलाही ट्रकच म्हणतात. गाडी ऑटोमॅटिक. रोज सकाळी गाडीखाली तेलाचा लाल डाग दिसायला लागला. दोष कुणा कंपनीचा नव्हे, वयाचा. इतक्या वर्षांत रबर कडक होणारच. तिथल्या एका गॅरेजनं सांगितलं, गिअरबॉक्सच उतरवावा लागेल, आणि खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या वर गेला. भाच्यानं फोन केला, "मामा, तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना होता ना? कुणाला तरी विचारा की."

कारखाना होता, हे खरं. २००८ साली सुरू झाला, २०२० च्या डिसेंबरात उत्पादन थांबलं, आणि आता ती जागा ह्युंदाईकडे आहे. पण तिथं बनल्या त्या स्पार्क आणि बीटसारख्या छोट्या गाड्या. असा ट्रक तिथं कुणी पाहिलेला नसणार. तरी आम्ही मामा! कुणाला न विचारताच सल्ला दिला. म्हटलं, डॅशबोर्डच्या खणात पाहा, कंपनीचं लेबल असेल.

लेबल होतं. त्यावर 'एमडी८' असा संकेत होता. म्हणजे ७००आर४ नावाचा, चार गिअरचा बॉक्स. कंपनीचाच शब्द, आणखी काय हवं? भाच्यानं त्या बॉक्सचं पॅकिंग आणि फिल्टर मागवलं. सामान यायला दोन आठवडे लागले आणि तोवर गाडी तशीच, तेल गाळत, चालली. पॅकिंग आलं. त्याला भोकं सोळा. भाचा गाडीखाली शिरला. चेंबरला बोल्ट तेरा.

आता आली का पंचाईत! पॅकिंग चुकीचं आलं, की गाडीच चुकीची?

तेव्हा आम्ही शहाणे झालो आणि स्टेशनजवळच्या आमच्या ओळखीच्या मिस्त्रींना व्हिडिओ कॉलवर घेतलं. त्यांनी आधी एकच गोष्ट विचारली, "हायवेला इंजिन जास्त ओरडतं का?" भाचा म्हणाला, "हो, पहिल्यापासून. मला वाटलं जुनी गाडी आहे म्हणून." मिस्त्री आमच्याकडे वळून म्हणाले, "सर, याच्यात चौथा गिअरच नाही. बॉक्स कुणीतरी बदललाय."

मंडळी, इथं थोडं थांबू या. आपल्या न्यायशास्त्रात ज्ञानाची साधनं सांगितली आहेत, त्यांना प्रमाणं म्हणतात. डोळ्यांनी पाहिलं ते प्रत्यक्ष. धुरावरून अग्नी ओळखला ते अनुमान. विश्वासू माणसानं सांगितलं तो शब्द. लेबल हे शब्दप्रमाण. ते खोटं नव्हतं. १९८६ साली त्या गाडीत तोच बॉक्स होता. पण लेबल गाडीच्या जन्माबद्दल बोलतं, आजच्या दिवसाबद्दल नाही. मधल्या एखाद्या मालकानं जड ट्रेलर ओढण्यासाठी म्हणा, किंवा आधीचा बॉक्स गेला म्हणून म्हणा, दुसरा बसवला. इंजिनाचं ओरडणं हे अनुमानाचं साधन होतं. ७००आर४ चा चौथा गिअर ०.७० चा असतो, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे तीस टक्के कमी. ते कमी होत नव्हते. धूर समोर दिसत होता, आम्ही पाटी वाचत बसलो.

बरं, तेरा बोल्ट मोजले हे प्रत्यक्ष. मग काम संपलं? नाही. जनरल मोटर्सच्या ट्रकांत तेरा बोल्टांचे नेहमी आढळणारे बॉक्स दोन आहेत, टर्बो ३५० आणि टर्बो ४००. दोन्ही तीन गिअरचे.

अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' शिकताना गाईचं उदाहरण येतं, ते काहींना आठवत असेल. गाय म्हणजे शिंगं असलेला प्राणी, असं म्हटलं तर म्हैसही आत येते. ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे तांबूस रंगाची, असं म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते. ही अव्याप्ती. गाय म्हणजे एका खुराची म्हटलं, तर ते एकाही गाईला लागू होत नाही. हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी पोळी, हे मात्र गाईचं नेमकं लक्षण.

हेच आता गाडीखाली लावू. तेल लाल आहे, ही खूण अतिव्याप्त आहे. बहुतेक ऑटोमॅटिकचं तेल लाल असतं आणि पुष्कळ अमेरिकन गाड्यांत पॉवर स्टिअरिंगलाही तेच तेल चालतं. शिवाय जुनं, जळलेलं तेल तपकिरी होतं, म्हणजे हीच खूण अव्याप्तही आहे. 'तेरा बोल्ट' ही खूण सोळावाल्याला बाहेर काढते, पण दोघांना आत ठेवते. मग चेंबरचा आकार पाहायचा. ३५० चा चेंबर चौकोनी, एक कोपरा छाटलेला. ४०० चा वेडावाकडा, नकाशातल्या एखाद्या जिल्ह्यासारखा. आणि दुसरी खूण म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पडावा म्हणून ३५० ला केबल येते, ४०० ला विजेची वायर. भाच्यानं टॉर्च मारली. आकार वेडावाकडा, केबल नाही, वायर आहे. टर्बो ४०० ठरला.

नावांचाही गोंधळ असतो. ७००आर४ आणि ४एल६० या दोन नावांचा बॉक्स मुळात एकच. १९९० च्या सुमारास नाव बदललं. पुढे ४एल६०ई आला, तो इलेक्ट्रॉनिक, चेंबर तसाच सोळा बोल्टांचा, पण आतला कारभार वेगळा. उलट 'हायड्रामॅटिक' हे नाव १९४० च्या ओल्ड्समोबिलपासून कितीतरी वेगवेगळ्या बॉक्सना चिकटलं. कुठं वस्तू एक आणि नावं दोन, कुठं नाव एक आणि वस्तू अनेक. म्हणून दुकानात नाव सांगण्याआधी खूण पाहावी.

आपल्याकडे हे जास्तच लागू आहे. इथं चाकण रस्त्यावर आपण 'ऑटोमॅटिक' हा एकच शब्द वापरतो. पण एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकतं. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतो. सीव्हीटीत पट्टा किंवा साखळी आणि पुली असतात. प्रत्येकाचं तेल वेगळं. 'ऑटोमॅटिकचं तेल द्या' एवढ्यावर डबा घेऊन आलात, तर दुकानदारानं एकदा उलट विचारावं ही आमची विनंती.

तुम्ही म्हणाल, सर, गळतीचं काय झालं? तिकडेच येतो. कारण ओळखीचं खरं फळ तिथं मिळालं.

टर्बो ४०० ला एका बाजूला, मागच्या भागात, व्हॅक्यूम मॉड्युलेटर नावाची डबीसारखी वस्तू असते. इंजिनाच्या ओढीवरून ती गिअरबॉक्समधला दाब ठरवते. एका बोल्टनं धरलेली असते आणि तिला एक रबरी रिंग असते. ७००आर४ ला हा भागच नाही! म्हणजे चुकीची ओळख धरून बसलो असतो, तर तिथं पाहायचं कुणाला सुचलं नसतं. तेल वरून ओघळतं, वाऱ्यानं मागं सरकतं आणि चेंबरच्या कडेवरून ठिबकतं. त्यामुळे सगळे चेंबरचं पॅकिंग बदलतात. मिस्त्रींनी सांगितलं, आधी सगळं पुसून कोरडं करा, थोडी गाडी फिरवा, आणि मग सगळ्यात वरचा ओला ठिपका शोधा. खालचा नाही, वरचा. भाच्यानं तसं केलं. ओला ठिपका त्या डबीच्या बुडाशी होता.

रिंग बदलली. दहा मिनिटांचं काम. बॉक्स उतरवावा लागला नाही.

तेल भरतानाही ओळख लागते. जनरल मोटर्सच्या या बॉक्सना डेक्सरॉन जातीचं तेल. जुन्या फोर्डना टाइप एफ लागायचं, त्याचा घर्षणाचा गुण वेगळा. पातळी पाहायची तीसुद्धा इथं गाडी सपाट जागी, गरम, इंजिन चालू, पार्कमध्ये. जुन्या क्रायस्लर टॉर्कफ्लाइटला मात्र न्यूट्रलमध्ये. आणि जास्त भरलं तर तेल फेसाळतं, हवेच्या नळीतून बाहेर येतं आणि नवीच गळती झाल्यासारखं वाटतं.

आता आमच्या चुकीबद्दल. ते दोन आठवडे भाचा कमी तेलावर गाडी चालवत होता, आमच्या शब्दावर विसंबून. ऑटोमॅटिकमध्ये तेल फक्त वंगण नसतं. तेच दाब देतं, तेच थंड ठेवतं. ते कमी पडलं की आतल्या क्लचप्लेटी जळतात, आणि मग खरोखरच बॉक्स उतरवावा लागतो. तसं झालं नाही, हे नशीब. आमचं शहाणपण नव्हे. मिस्त्रींना हे बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "सर, मीपण आधी लेबलच बघतो. पण नंतर खाली वाकतो."

आम्ही शिकवलं तेवढंच आणि विसरलो तेही तेवढंच. शब्द ऐकावा, अनुमान करावं, आणि पाना हातात घेण्यापूर्वी एकदा खाली वाकून पाहावं. गाडीखाली जाताना मात्र नुसत्या जॅकवर विसंबू नका, खाली पक्के स्टँड लावा.