फिल्मचा कॅमेरा : ठेवावा की विकावा?

मालवण, वेंगुर्ले, देवगड भागातील जुन्या फोटो स्टुडिओंच्या कपाटांत फिल्मचे कॅमेरे पडून असतात. यशिका मॅट, निकॉन, पेंटॅक्स, झेनिट, एखादा आग्फा क्लिक थ्री, सोबत लेन्स, फ्लॅश आणि एन्लार्जर. वर्षातून एकदा धूळ पुसायची आणि परत ठेवून द्यायचे, एवढाच त्यांचा उपयोग. ज्या अवजारावर वडिलांनी घर चालवले ते विकायला मन होत नाही, आणि ते कामालाही येत नाही. अशा मालाचे काय करावे याचा विचार व्यापारी नजरेने व्हायला हवा.

पहिली गोष्ट ही की नुसते ठेवून देणे फुकट पडत नाही. आपली हवा दमट आणि खारी. पावसाळ्याचे चार महिने लेन्सच्या आत बुरशी धरते. ती वेळीच साफ झाली नाही तर काचेवरचा लेप खाते, आणि मग डाग कायमचा राहतो. कातडी केसमध्ये ओल धरून राहते, म्हणून कॅमेरा केसमध्ये ठेवणे सर्वात वाईट. आत विसरलेला सेल फुटला तर पत्रे गंजतात. म्हणजे दर पावसाळ्यागणिक मालाची किंमत घटत जाते.

बाजाराची स्थिती

कोडॅक कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. १९६० साली स्थापन झालेला उटीचा सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स कारखानाही बंद पडला. तरीही फिल्म संपली नाही. कोडॅक आणि इल्फर्डचे रोल आजही बनतात, आणि पेंटॅक्सने २०२४ मध्ये नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. हौशी तरुण गिऱ्हाईक आहे; पण ते सर्व मालाला नाही.

मागणी असते ती हाताने चालणाऱ्या मजबूत कॅमेऱ्यांना. निकॉन एफएम२ आणि पेंटॅक्स के१००० यांचे शटर सेलशिवाय चालते. यशिका मॅटसारख्या दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्यालाही गिऱ्हाईक मिळते. जुन्या हाताच्या लेन्स अॅडाप्टर लावून आजच्या मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर बसतात, त्यामुळे पुष्कळदा कॅमेऱ्यापेक्षा लेन्सच जास्त मोलाची ठरते. केरळात आलेप्पीला बनलेला लाकडी, भात्याचा वागीश्वरी कॅमेरा कोणाकडे असेल तर तो भंगारात मुळीच देऊ नये. संग्राहक तो शोधत असतात. उलट, प्लॅस्टिकचे साधे ऑटोमॅटिक कॅमेरे, फ्लॅश आणि एन्लार्जर यांना भाव कमीच.

तीन ढीग करा

सर्व सामान बाहेर काढून प्रत्येक नगाला दोन प्रश्न विचारावेत. गेल्या दोन वर्षांत याने काही कमावले काय? आज तो आपल्याकडे नसता, तर आजच्या भावाने आपण तो विकत घेतला असता काय? रोलची किंमत, तो धुण्याचा खर्च आणि मुंबई-पुण्याला पाठवण्याचा वेळ हिशेबात धरावा. ३५ मिलिमीटरच्या रोलमध्ये छत्तीस फोटो, यशिका मॅटच्या रोलमध्ये बाराच.

एकाही प्रश्नाचे उत्तर होय असेल तर तो नग पहिल्या ढिगात, म्हणजे ठेवायचा. दोन्ही उत्तरे नाही आली तर तो विकायचा. तिसरा ढीग घराच्या आठवणीचा. त्यात एकच नग असावा, सगळे कपाट नव्हे. जे ठेवाल ते घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. निळे जेल गुलाबी झाले म्हणजे ओल भरली असे समजावे. ते गरम करून पुन्हा वापरता येते. महिन्यातून एकदा शटर चालवावे.

विकण्यापूर्वी

लेन्समधून टॉर्च मारून बुरशी पाहावी. शटरच्या संथ गती तपासाव्यात. भात्याला भोके असतील तर अंधारात आतून टॉर्च धरल्यास दिसतात. आत रोल राहिला असण्याची शक्यता वाटली तर झाकण उजेडात उघडू नये. एकाच भंगारवाल्याच्या भावावर न जाता मुंबईत बोराबाजारच्या कॅमेरा दुकानांत चौकशी करावी, आणि लेन्स व कॅमेरा यांचे भाव वेगवेगळे विचारावेत. जो दोष असेल तो गिऱ्हाइकाला आधी सांगावा. ऐब लपवून केलेल्या सौद्यात बरकत नसते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

एक गोष्ट मात्र विक्रीच्या मालात धरू नये: निगेटिव्ह. त्यात गावातल्या घरांची लग्ने आहेत, आयाबहिणींचे फोटो आहेत. ते आपल्यावर विश्वासाने काढू दिलेले. चांदीच्या लोभाने ते भंगारवाल्याला देणे म्हणजे दुसऱ्याची अमानत विकणे होय. ज्या घरचे असतील त्या घरी विचारावे. नको म्हणाले तरच नष्ट करावेत. जुन्या लग्नाच्या फोटोची नवी प्रत मागणारे गिऱ्हाईक आजही येते, आणि ते स्कॅन करून देण्यात स्टुडिओचे कामही आहे.

कपाट उघडण्याचे काम मृगाच्या आधी उरकावे. पाऊस लागल्यावर विकायला काढलेल्या लेन्सचा भाव बुरशी ठरवते, आपण नव्हे.