नोकरभरतीची बातमी वाचताना

एखादी दूरध्वनी कंपनी नवी माणसे घेणार, अशी बातमी वर्तमानपत्रात आली की घराघरांत तिची चर्चा होते. कोणी जागा किती ते पाहतो, कोणी वयाची अट. परंतु वाचकहो, हे काम किती काळ टिकेल, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. या व्यवसायाचा इतिहास मात्र तो विचारावयास लावतो.

अमेरिकेतील बोस्टन शहरात दूरध्वनीच्या तारा जोडण्याच्या कामावर प्रथम मुलगे नेमले जात. ही पोरे चपळ खरी, पण ग्राहकांशी उद्धटपणे बोलत. तेव्हा १८७८ च्या सप्टेंबरात एमा नट या तरुणीची नेमणूक झाली. जगातील पहिली स्त्री-ऑपरेटर ती हीच. शांत, मृदू आवाज हा तिचा मोठा गुण. पुढे या कामाने असंख्य स्त्रियांना स्वकष्टाची मिळकत दिली.

परंतु १८९१ मध्ये स्ट्राउजर या अमेरिकन गृहस्थाने आपोआप जोडणी करणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळविले आणि ऑपरेटरचे काम हळूहळू यंत्राकडे जाऊ लागले. आपल्याकडे १९६० मध्ये लखनौ-कानपूर दरम्यान ऑपरेटरच्या मदतीवाचून थेट बोलण्याची सोय झाली. २०१३ मध्ये तारसेवा बंद पडली. ३१ जानेवारी २०२० रोजी तर भारत संचार निगमचे सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी सेवेतून मुक्त झाले. वेतनाचा न पेलणारा भार हे त्यामागील एक मोठे कारण होते.

मग तरुणांनी या क्षेत्राकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. ऑपरेटरचे काम सरले, तशी ऑप्टिकल फायबर जोडणाऱ्या, मनोरे सांभाळणाऱ्या आणि संगणकजाळ्यांचे रक्षण करणाऱ्या माणसांची गरज निर्माण झाली. म्हणून आपला मुलगा वा मुलगी अर्ज भरीत असेल, तर पगाराच्या आकड्याबरोबर आणखी दोन गोष्टी अवश्य विचारा: तेथे शिक्षण कोणते मिळेल? आणि ते दुसरीकडे उपयोगी पडेल काय? नोकरी सुटली तरी अंगी आलेली विद्या सुटत नाही.

एक गुण मात्र यंत्रे बदलली तरी जुना झालेला नाही. घरातला फोन बंद पडतो, तेव्हा आपल्याला पलीकडे एमा नटसारखा शांतपणे ऐकून घेणारा माणूसच हवा असतो.