विश्लेषण : कंपनीच्या गाडीचा ‘नो क्लेम बोनस’ कर्मचाऱ्याला मिळतो का?

आठ-दहा वर्षे कंपनीने दिलेली गाडी चालवली, एकदाही विम्याचा दावा केला नाही. पण नोकरी सोडल्यावर किंवा निवृत्तीनंतर स्वतःची गाडी घेतली, की विम्याच्या कोटेशनवर नो क्लेम बोनस शून्य टक्के! अनेक नोकरदारांना हा धक्का बसतो. नियमानुसार त्यात विमा कंपनीचे काही चुकत नाही. मात्र एका परिस्थितीत हा बोनस कर्मचाऱ्याला मिळू शकतो आणि नेमके तेच फारसे कुणाला ठाऊक नसते.

बोनस नक्की कुणाचा?

भारतात हा बोनस चालकाला नव्हे, पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याला मिळतो. सलग दावा न केलेल्या वर्षांनुसार तो 20, 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षानंतर 50 टक्के होतो. ही सवलत फक्त ‘ओन डॅमेज’, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते. थर्ड पार्टीच्या हप्त्यावर नाही. कंपनीच्या गाडीची पॉलिसी कंपनीच्या नावावर असते, त्यामुळे बोनसही तिच्याकडेच राहतो. कर्मचारी कितीही जपून गाडी चालवो, त्याची नोंद कुठेच होत नाही. हप्ता ठरतो तो गाडीची किंमत, वय, इंजिनाची क्षमता आणि नोंदणीचे शहर यांवर.

मग अपवाद कोणता?

तीच गाडी कर्मचाऱ्याने विकत घेतली तर. 2002च्या इंडिया मोटर टॅरिफमधील 27व्या नियमात याची स्पष्ट तरतूद आहे. संस्थेच्या मालकीची गाडी एखाद्या कर्मचाऱ्याला दिलेली असेल, ती फक्त तोच चालवत असेल आणि पुढे त्याच्याच नावावर झाली, तर त्या काळात जमलेला बोनस त्याला द्यावा, असे हा नियम सांगतो. अट एकच : गाडी या काळात याच कर्मचाऱ्याकडे होती व तोच ती चालवत होता, असे मालक कंपनीचे पत्र हवे. 2007पासून ओन डॅमेजचे दर खुले झाले, तरी बोनसची चौकट बहुतांश तीच राहिली आहे.

समजा, चार वर्षे दावा नाही आणि ओन डॅमेजचा हप्ता 12 हजार रुपये आहे. 45 टक्क्यांनी 5,400 रुपये वाचतात. एका पत्रासाठी ही रक्कम लहान नाही. हे पत्र नोकरीत असतानाच घ्यावे. राजीनाम्यानंतर एचआरकडे खेटे घालणे किती कठीण असते, हे सांगायला नको. गाडी लीजवर असेल तर आरसी बुकवर मालक कोण आहे ते पाहावे आणि पत्र कुणाचे चालेल, हे विमा कंपनीला ईमेलवर विचारून घ्यावे.

गाडी नावावर होताना काय पाहावे?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 157नुसार थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप जातो. ओन डॅमेजचे तसे नाही. पॉलिसीवर नाव बदलण्यासाठी 14 दिवसांत अर्ज करावा लागतो. तो राहून गेला आणि गाडी ठोकली, तर दुरुस्तीचा खर्च खिशातून जाण्याचीच शक्यता जास्त.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. कंपनी ही व्यक्ती नसल्याने तिच्या पॉलिसीत मालक-चालकाचे अपघात संरक्षण नसते. स्वतःच्या नावावर गाडी आली की 15 लाख रुपयांचे हे संरक्षण सक्तीचे होते. तेवढ्या रकमेची वैयक्तिक अपघात पॉलिसी आधीच असेल, तर मात्र पुन्हा पैसे भरायची गरज नाही.

नवीच गाडी घेतली तर?

तर सुरुवात शून्यापासून. कंपनीची गाडी मिळण्यापूर्वी स्वतःची गाडी विकली असेल आणि बोनसचे प्रमाणपत्र घेतलेले असेल, तर ते तीन वर्षेच चालते. ऑनलाइन विमा घेताना ‘मागील बोनस किती?’ या प्रश्नावर 50 टक्के निवडण्याचा मोह अनेकांना होतो. हप्ता लगेच कमी दिसतो, पण तो टाळलेलाच बरा. विमा कंपनी आधीच्या पॉलिसीची पडताळणी करते आणि माहिती खोटी निघाल्यास ओन डॅमेजचा दावा नाकारला जाऊ शकतो.