बिऱ्हाड चाकांवर

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात हार्टसेल हे गाव समुद्रसपाटीपासून जवळपास नऊ हजार फुटांवर वसलेलं आहे. तिथे क्रिस्तोफर स्मिथ या तरुणाने पाच एकर जमीन घेतली आणि मैत्रीण मेरेट म्यूलर हिच्या साथीने घर बांधायला काढलं. दोघांनाही बांधकामाचा गंध नव्हता. एका उन्हाळ्यात उरकेल असा अंदाज होता, लागलं वर्षभर. खर्च सुमारे २६ हजार डॉलर आला आणि घर झालं १२४ चौरस फुटांचं. या खटाटोपावर दोघांनी केलेला 'टायनी' हा माहितीपट २०१३ साली आला.

वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या वाचकाला हे वाचून हसू येईल. तिथली खोली १६० चौरस फुटांची आणि तीत अख्खं कुटुंब. पण अमेरिकेत १९७३ साली नव्या घराचं सरासरी क्षेत्रफळ साडेसोळाशे चौरस फुटांच्या घरात होतं, ते २००७ पर्यंत अडीच हजारांवर गेलं. एवढंच नव्हे, लहान घर बांधणं तिथे बऱ्याच ठिकाणी बेकायदा होतं. अनेक राज्यं जी निवासी संहिता प्रमाण मानतात, तिच्या २०१५ पूर्वीच्या आवृत्त्यांत घरात एक तरी खोली १२० चौरस फुटांची हवी, अशी अट होती. स्थानिक काउंट्यांचे किमान क्षेत्रफळाचे नियम वेगळेच.

यातून पळवाट निघाली ती चाकांची. ट्रेलरवर बांधलेलं घर इमारत ठरत नाही, वाहन ठरतं. १९९९ साली जे शेफर याने आयोवात शंभर चौरस फुटांहून लहान घर असंच चाकांवर बांधलं आणि पुढे अशा घरांचे आराखडेही विकले. २००८ च्या मंदीनंतर गृहकर्जाने पोळलेल्या लोकांचं लक्ष या घरांकडे वळलं.

साधेपणाची व्रतं, अपरिग्रह वगैरे या घरांबद्दल पुष्कळ बोललं जातं. पण घराची मापं ठरवतो महामार्ग. खास परवान्याशिवाय ओढायचं तर रुंदी साडेआठ फुटांच्या आत हवी. भिंतींची जाडी वजा केली की आत जेमतेम साडेसात फूट उरतात. उंचीची मर्यादा बऱ्याच राज्यांत साडेतेरा फूट. त्यातले दोनेक फूट ट्रेलरच खातो, काही इंच छप्पर खातं. उरलेल्या उंचीत खाली उभं राहण्यापुरती जागा आणि वर झोपायला पोटमाळा. पोटमाळ्यावर रांगतच जायचं, कारण तिथे ताठ बसलं तरी डोकं आढ्याला लागतं. हिवाळ्यात गरम हवा वर चढते, म्हणून झोपायला ऊब मिळते. उन्हाळ्यात तोच पोटमाळा भट्टी होतो.

घर रस्त्यावरून न्यायचं म्हणजे भूकंप आणि वादळ एकदमच सोसायचं. नुसत्या खिळ्यांवर भिस्त ठेवून चालत नाही. स्क्रू, गोंद आणि लोखंडी पट्ट्यांनी सांगाडा ट्रेलरशी जखडावा लागतो. प्रत्येक फळीचं वजन मोजावं लागतं आणि ते दोन्ही बाजूंना सारखं वाटावंही लागतं. नवख्यांच्या सहसा लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे वाफ. दोघांचा श्वास, चहाचं आधण आणि गॅसची शेगडी एवढ्याने थंडीत खिडक्यांवर पाणी ओघळतं. हवा खेळती नसेल तर भिंतींच्या आत बुरशी धरते. मैलापाण्याची जोडणी नसेल तर लाकडाचा भुसा टाकून खत करणारा संडास वापरतात, आणि तो रिकामा कोणी करायचा यावरून संसारात वाद होत असणार, हे सांगायला माहितीपट नको.

कायदा आता थोडा सैल झालाय. निवासी संहितेच्या २०१८ च्या आवृत्तीत ४०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांसाठी वेगळं परिशिष्ट आलं. पोटमाळ्याला शिडी चालेल, पण आगीच्या वेळी बाहेर पडायला खिडकी हवीच, असं त्यात आहे. मात्र ते जिथे स्वीकारलं असेल तिथेच लागू होतं, आणि तेही पक्क्या पायावरच्या घरांना. कोलोरॅडोने २०२२ साली छोट्या घरांसाठी स्वतंत्र कायदा केला. तरी चाकांवरच्या घरात बारा महिने राहायला बऱ्याच गावांत आजही मनाई आहे. कुणाच्या परसात घर लावलं आणि शेजाऱ्याने तक्रार केली की मुक्काम हलवायचा.

म्हणून असं काही बांधायचं मनात असलेल्या जोडप्यांनी खिडक्यांचे रंग नंतर निवडावेत. आधी घर कुठे उभं राहणार आणि सांडपाणी कुठे जाणार, हे लेखी ठरवून घ्यावं.