लेकरासाठी पहिला गळ : कमी पैशात काय घ्यावं, काय टाळावं?

(रेडिओवरील भाषणाचं लिखित रूप)

दिवाळीची सुट्टी जवळ आली की घरोघरी पोरांचा एक हट्ट सुरू होतो. मोबाइलवर कुणीतरी लांब, लवलवती काठी फिरवतंय, दोरी हवेत नागमोडी जातेय आणि पाण्यावर टेकताच मासा उडी मारतोय, असं त्यांनी पाहिलेलं असतं. मग "आई, मला तसला गळ घे" सुरू होतं. ऑनलाइन किंमत बघावी तर आकडा हजारांत. बचत गटाचा हप्ता, वह्या-पुस्तकं, दवाखाना यातून एवढे पैसे काढायचे कुठून? आणि काढले तरी आठ दिवसांनी ती काठी माळ्यावर जाऊन पडली तर? म्हणून आज आपण हा गळ नेमका काय असतो आणि नवशिक्या लेकराला त्यातलं खरंच काय लागतं, ते समजून घेऊ.

हा गळ वेगळा कसा?

आपल्या नेहमीच्या गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात आणि शिशाच्या वजनानं तो पाण्यात जातो. मोबाइलवर पोरं बघतात त्याला फ्लाय फिशिंग म्हणतात, म्हणजे नकली माशीनं मासा धरणं. गळाच्या आकड्यावर पिसं आणि दोरा गुंडाळून किडा किंवा माशी तयार करतात. ही माशी कापसासारखी हलकी असते, नुसती फेकली तर लांब जात नाही. म्हणून दोरीच जाड आणि वजनदार ठेवतात. फेकायची असते ती दोरी, माशी तिच्या मागून जाते. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली की दुकानदार आपल्याला फसवू शकत नाही. या खेळात सगळ्यात महत्त्वाची दोरी, मग काठी, आणि चकचकीत रीळ सगळ्यात शेवटी. लहान माशांसाठी रीळ म्हणजे दोरी गुंडाळून ठेवायची जागा, दुसरं काही नाही.

हे काही नवं फॅड नाही. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी एलियन नावाच्या रोमन लेखकानं मॅसेडोनियातल्या कोळ्यांबद्दल लिहून ठेवलंय, की ते गळाला तांबडी लोकर आणि कोंबड्याची पिसं बांधून मासे धरतात. लोकर आणि कोंबडा! आपल्या परड्यात नाही असं त्यात काय आहे? आणखी एक गंमत सांगते. इंग्रजीत गळाच्या मासेमारीवर छापलेलं सगळ्यात जुनं पुस्तक १४९६ सालचं, आणि परंपरेनं त्याला नाव जोडलं जातं ते एका बाईचं, ज्युलियाना बर्नर्स नावाच्या जोगिणीचं. स्कॉटलंडमधल्या टे नदीवर १९२२ साली जॉर्जिना बॅलंटाइन या बाईंनी काठी-गळानं ६४ पौंडांचा, म्हणजे २९ किलोचा सामन मासा काढला. ब्रिटनमधला तो विक्रम अजून तिच्याच नावावर आहे. तेव्हा हट्ट मुलीचा असला, तरी "हे पोरांचं काम" म्हणून तिला गप्प करू नका.

पहिली काठी घरचीच

जपानच्या डोंगरी भागात या खेळाचा एक साधा प्रकार चालतो, त्याला तेनकारा म्हणतात. त्यात रीळच नसतं. लांब काठी, तिच्या टोकाला बांधलेली दोरी आणि दोरीला माशी, बस्स. पूर्वी ती काठी बांबूचीच असायची. आपल्या ओढ्या-तळ्यांवर पोरं जो गळ वापरतात, त्याची ही सख्खी बहीणच.

म्हणून नवशिक्या लेकरानं सुरुवात इथूनच करावी. नऊ-दहा वर्षांच्या लेकराला आठ ते नऊ फुटांची मेसकाठी पुरे. बुरुडाकडून घेताना सरळ, वाळलेली, बुडाशी अंगठ्याएवढी आणि शेंड्याला निमुळती बघून घ्या. लेकराच्या हातात देऊन एका हातानं वीस वेळा वरखाली करायला सांगा. मनगट दुखलं तर काठी जड आहे, एक फूट कमी करा. शेंडा थोडा लवला पाहिजे, पण कडकड वाजता कामा नये. वाजणारी काठी आतून चिरलेली असते.

दोरीसाठी तंगूस घ्या, म्हणजे जाळ्याचा नायलॉन धागा. काठीएवढ्याच लांबीचा थोडा जाड तंगूस काठीच्या टोकाला बांधा आणि त्याच्यापुढे दोन-तीन फूट बारीक तंगूस जोडा. बारीक तुकड्याचे दोन फायदे. माशाला तो दिसत नाही, आणि गळ कुठं दगडात अडकला तर तेवढाच तुकडा तुटतो, बाकीची दोरी वाचते.

गळाचा आकडा घेताना नंबर उलटा असतो, हे लक्षात ठेवा. आपल्या हातशिवणीच्या सुईसारखंच, नंबर मोठा तितका आकडा बारीक. लेकराला दहा किंवा बारा नंबर बरा. घरी आणल्यावर प्रत्येक आकड्याच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट करा. बोटात घुसला तर असा आकडा सहज निघतो, आणि सोडून द्यायचा मासाही फाटत नाही.

काठी, तंगूस आणि पाच-दहा आकडे मिळून खर्च किती? शाहूपुरी-लक्ष्मीपुरीकडे बाजाराला आलात की भाव विचारा. दुकानागणिक फरक पडेल, पण ऑनलाइनच्या हजारांपुढं हा खर्च अगदीच किरकोळ आहे.

माशी बांधूया

हे काम तर आपलंच. जिला ब्लाउजला हूक लावता येतो, तिला माशी बांधता येते. आकडा पक्कडीत किंवा लाकडाच्या चिरेत घट्ट धरा. शिवणाचा काळा दोरा आकड्याच्या दांडीवर एकाला एक लागून गुंडाळा. मागच्या बाजूला तांबड्या लोकरीचा छोटा तुकडा बांधा, ती शेपटी. मग कोंबड्याच्या मानेवरचं एक पीस घेऊन त्याचं बूड पुढच्या बाजूला बांधा आणि पीस दांडीभोवती तीन-चार वेढे फिरवा. त्याचे केस चहूबाजूंनी उभे राहतात, तेच किड्याचे पाय. दोऱ्याच्या दोन गाठी मारा, वर नखपॉलिशचा एक थेंब. झाली माशी.

पिसं पाळीव कोंबड्याचीच घ्या बरं का. आपल्या सह्याद्रीत राखी रानकोंबडा आहे. त्याच्या मानेवरच्या ठिपकेदार पिसांना परदेशात या माशांसाठी फार मागणी होती, आणि त्यापायी त्या पाखराची शिकार झाली. आज त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. लेकराला हे सांगा, म्हणजे पिसाच्या हौसेपायी जीव जाणार नाही.

आपल्याकडे या माशीला काय लागेल? तळ्यातली चिलापी, आणि पाण्याच्या वरच्या थरात किडे टिपत फिरणारे लहान चंदेरी मासे. व्हिडिओत दिसणारा ट्राउट थंड पाण्याचा, काश्मीर-हिमाचलकडचा. तो आपल्या पाण्यात जगत नाही. त्याच्यासाठी बनवलेला महागडा संच घेतला, म्हणून आपल्या तळ्यात जास्त मासे लागतील असं मुळीच नाही.

अंगणात शिका

पहिले आठ दिवस पाण्यावर जायचंच नाही. दोरीच्या टोकाला आकड्याऐवजी लोकरीचा गोंडा बांधा आणि अंगणात एक घमेलं ठेवा. काठी घड्याळाच्या काट्यासारखी समजा. मागं एक वाजेपर्यंत न्यायची, क्षणभर थांबायचं, दोरी मागं सरळ होऊ द्यायची आणि पुढं दहा वाजेपर्यंत आणायची. त्या थांबण्यातच सगळी कला आहे. जोर लावणाऱ्या लेकरापेक्षा थांबणारं लेकरू लवकर शिकतं. दहापैकी पाच वेळा गोंडा घमेल्यात पडू लागला की मग पाण्याचं बघू. आणि आठ दिवसांत हौस फिटली, तरी आपलं फारसं काही गेलं नाही.

पुढं संच घ्यायचाच झाला तर

लेकरू वर्षभर टिकलं, तर मग पैसे घालायला हरकत नाही. काठीवर एक नंबर लिहिलेला असतो. तो दोरीच्या वजनाचा नंबर. चार किंवा पाच नंबरची, साडेसात ते आठ फुटांची काठी लेकराला पेलते. दोरी त्याच नंबरची आणि पाण्यावर तरंगणारी घ्या. नंबर जुळला नाही तर कितीही महाग काठी असो, दोरी पायाशीच पडते. फायबरची काठी थोडी जड, पण दांडगी. कार्बनची हलकी, पण दारात चेमटली की मोडते. म्हणून लेकराला फायबर बरी. पैसे कमी पडले तर रीळ स्वस्त घ्या, दोरी नको. आणि दर घरात एक संच कशाला? पाच घरांनी मिळून एक घ्या, पोरं आळीपाळीनं वापरतील.

खर्च न टाळण्याच्या गोष्टी

मैत्रिणींनो, काठीत काटकसर करा, पण आता सांगते त्यात नको. माशी कानाजवळून जाते, म्हणून टोपी आणि साधा चष्मा घातल्याशिवाय काठी हातात द्यायची नाही. दोन पोरांमध्ये दोन काठ्यांएवढं अंतर हवं. आकडा डोळ्याजवळ किंवा खोल घुसला तर घरी ओढाओढ करू नका, थेट दवाखाना गाठा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

आपल्या नदीकाठी मोटारींच्या विजेच्या तारा किती खाली आलेल्या असतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, आणि ओल्या बांबूतूनही झटका बसू शकतो. तारेखाली काठी उभी करायची नाही, हे लेकराकडून पाठ करून घ्या.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर आणि त्याच्या खालच्या अंगाला गळ टाकायला पाठवू नका. बरगे काढलेले असले की पाण्याची ओढ वरून दिसत नाही. धरणातून पाणी सोडलं की नदी बघता बघता चढते. पोहता येत असो वा नसो, सोबत मोठं माणूस हवंच. जाताना एक लांब दोर आणि त्याला बांधलेला पाच लिटरचा झाकणबंद रिकामा कॅन न्या. कॅनमध्ये तांब्याभर पाणी ठेवा, म्हणजे तो नीट फेकता येतो. कुणी पाण्यात पडलं तर मागोमाग उडी मारायची नाही. कॅन फेकायचा, दोर ओढायचा आणि आरडाओरडा करून माणसं जमवायची.

पाण्याचाही मान राखा

तलावाचा, धरणाचा मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सोसायटीकडे असतो. त्यावर भोई समाजाच्या कितीतरी घरांची चूल पेटते. आधी त्यांना विचारा. राधानगरी अभयारण्यात तर गळ न्यायचाच नाही. पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला वर निघतात, तेव्हा काठी माळ्यावर ठेवा. एक गाभोळीची मासळी सोडली, तर पुढच्या साली तळं भरतं. महाड तालुक्यातल्या वाळणकोंडीत आणि वाड्याजवळच्या तिळशाच्या डोहात लोकांनी देवाचे म्हणून महाशीर मासे पिढ्यान्‌पिढ्या राखलेत. आपल्या लेकराच्या गळाला कधी महाशीर लागलाच, तर हात ओले करून, पाण्यातल्या पाण्यात आकडा काढून सोडून द्यायला शिकवा.

जिथं गटाराचं किंवा कारखान्याचं पाणी मिसळतं, तिथला मासा घरी आणू नका. आणि तुटलेला तंगूस काठावर टाकायचा नाही. तो कुजत नाही, बगळ्याच्या पायात आणि म्हशीच्या तोंडात जातो. गुंडाळून खिशात घालून घरी आणायचा.

तर मैत्रिणींनो, लेकरानं "तसला गळ" मागितला की लगेच नाही म्हणू नका आणि लगेच पैसेही काढू नका. म्हणा, "आधी मेसकाठी, आधी अंगण, माशी आपण दोघं मिळून बांधू." खिशाला परवडेल, लेकराला थांबायला येईल, आणि पाण्यावर जाताना त्याच्या डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा आणि शेजारी घरचं माणूस असेल. गटाच्या पुढच्या बैठकीला दोन पिसं, लोकर आणि दोरा घेऊन बसा. कुणाची माशी सगळ्यात चांगली झाली, ते आम्हाला जरूर कळवा.