हरलेला पुढे निघाला : डेमन ऑल्बर्न आणि नोएल गॅलेगर

दोघा भावांच्या सोळा वर्षांच्या अबोल्यानंतर ओएसिस हा इंग्लिश बँड जुलै २०२५ मध्ये पुन्हा रंगमंचावर आला. तेव्हापासून आपल्या मंडळातल्या तरुण सभासदांत, आणि १९९५ साली स्वतः कॉलेजात असलेल्या त्यांच्या आईवडिलांतही, एक जुना वाद नव्याने रंगतो आहे : ओएसिसचा नोएल गॅलेगर मोठा की ब्लरचा डेमन ऑल्बर्न? ज्यांना ही नावे नवी आहेत, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो आहोत. आमचे मतही त्यात आलेच.

आधी एक खुलासा. आपल्याकडे शब्द गदिमांचे, चाल बाबूजींची आणि गळा आणखी कुणाचा, अशी वाटणी असते. रॉकमध्ये शब्द आणि चाल बहुधा एकाच माणसाची असतात, आणि बँडचा कस त्या माणसावर लागतो. ओएसिसमध्ये तो माणूस नोएल. धाकटा भाऊ लियम गायचा, पण सुरुवातीच्या वर्षांतली जवळजवळ सगळी गाणी नोएलची. ब्लरमध्ये शब्द आणि मूळ चाल ऑल्बर्नची. श्रेय मात्र चौघांच्या नावावर असते, आणि ग्रॅहम कॉक्सनची गिटार ऐकली की ते योग्यच वाटते.

नोएलचा जन्म १९६७ चा, मँचेस्टरच्या आयरिश कामगार कुटुंबातला. गिटार स्वतःच शिकलेला, दुसऱ्या एका बँडचे सामान वाहणारा. ऑल्बर्न १९६८ चा, लंडनचा. वडील चित्रकलेच्या क्षेत्रातले, आई नाटकांचे नेपथ्य करणारी. एक उत्तरेकडचा कष्टकरी, दुसरा दक्षिणेकडचा सुशिक्षित मध्यमवर्गीय. इंग्लंडमध्ये एवढे भांडणाला पुरते. वृत्तपत्रांनी तेल ओतले ते वेगळेच.

१४ ऑगस्ट १९९५ रोजी दोन्ही बँडची नवी गाणी एकाच दिवशी बाजारात आली : ब्लरचे ‘कंट्री हाउस’ आणि ओएसिसचे ‘रोल विथ इट’. हा सामना टीव्हीच्या बातम्यांपर्यंत गेला. पहिल्या आठवड्यात ब्लरच्या सुमारे २,७४,००० प्रती खपल्या, ओएसिसच्या २,१६,०००. ब्लर जिंकले. खरे सांगायचे तर दोन्ही गाणी त्या दोघांच्या उत्तम कामात बसत नाहीत. पुढे ऑक्टोबरात ओएसिसचा ‘मॉर्निंग ग्लोरी’ हा अल्बम आला आणि तो आठवडा कुणाच्या लक्षातही राहिला नाही. त्या अल्बमच्या जगभर दोन कोटींहून अधिक प्रती गेल्या. १९९६ च्या ऑगस्टमध्ये नेबवर्थच्या मैदानावर दोन रात्रींत अडीच लाख माणसे ओएसिसला ऐकायला जमली. लढाई ब्लरची, युद्ध ओएसिसचे, असे तेव्हा सगळेच म्हणू लागले.

नोएलचे बळ कशात आहे, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण त्याला ‘सोपे’ म्हणून नाक मुरडण्याची सवय जाणकारांना आहे. त्याचे शब्द पुष्कळदा अर्थहीन असतात, सुरावटी ओळखीच्या असतात. बीटल्सची छाप तर तो लपवतही नाही, आणि ‘व्हॉटएव्हर’ या गाण्याच्या श्रेयात नील इनेस या दुसऱ्या गीतकाराचे नाव नंतर घालावे लागले. पण धृवपद कुठे उघडायचे, कोणता स्वर लांबवला की हजार अनोळखी माणसे एकदम तोंड उघडतील, हे त्याला उपजत कळते. आरतीला जशी गायकाची गरज नसते, घरातले सगळेच ती ओढून नेतात, तशी ही गाणी आहेत. १९९३ ते १९९६ या काळात त्याला इतके सुचत होते की ‘अ‍ॅक्विएस’, ‘टॉक टुनाइट’, ‘द मास्टरप्लॅन’ अशी गाणी त्याने सिंगल्सच्या मागच्या बाजूला टाकून दिली. दुसऱ्या कुणी त्यांवर अख्खी कारकीर्द उभी केली असती.

मग काय झाले? आमच्या मते विजयच नोएलला नडला. १९९७ च्या ‘बी हिअर नाऊ’मध्ये तीच कृती, फक्त गिटारींचे थरावर थर आणि सात-सात, नऊ-नऊ मिनिटांची गाणी. पुढे त्याने स्वतःच त्या अल्बमला नावे ठेवली. नंतरच्या काळातही चांगली गाणी आहेत, २०११ पासूनच्या स्वतंत्र बँडमध्ये तर काही फारच सुरेख आहेत. पण जिंकलेला साचा मोडायला हात धजावला नाही तो नाहीच. २०२५ च्या दौऱ्यातही बहुतेक गाणी १९९४ ते १९९७ या काळातलीच होती.

ऑल्बर्नकडे सांभाळायला विजय उरला नव्हता. १९९४ च्या ‘पार्कलाइफ’मध्ये तो इंग्लंडमधल्या सामान्य माणसांची शब्दचित्रे काढत होता, काहीशी वरून, गमतीने बघत. १९९७ मध्ये त्याने ती रीतच सोडली. ‘साँग टू’ हे दोन मिनिटांचे गाणे म्हणजे नुसता गोंगाट आणि आरोळी, आणि नेमके तेच जगभर वाजले. १९९९ च्या ‘१३’मध्ये तो पहिल्यांदा उघडपणे स्वतःच्या मोडलेल्या प्रेमाबद्दल बोलला. मग चित्रकार जेमी ह्युलेटबरोबर ‘गोरिलाझ’ हा कार्टून पात्रांचा बँड काढून तो चक्क पडद्याआड गेला. पहिल्या अल्बममधल्या ‘क्लिंट ईस्टवुड’चा ठेका तर ऑम्निकॉर्ड नावाच्या छोट्या वाद्यात आधीच भरलेला तयार ठेका आहे. मालीतल्या वादकांबरोबर अल्बम, चिनी कथेवरचा ऑपेरा, नायजेरियाच्या टोनी अ‍ॅलनच्या ढोलांवर रचलेली गाणी, अशी ही यादी लांबते. त्यात भुसाही आहे. ‘ह्युमन्झ’मध्ये पाहुण्यांच्या गर्दीत यजमान सापडत नाही. पण २००५ चा ‘डेमन डेज’ आज ऐकला तरी जुना वाटत नाही.

तर मोठा कोण? व्याप आणि धाडस बघितले तर ऑल्बर्न, यात आम्हाला शंका नाही. तरीही मे २०१७ मध्ये मँचेस्टरला बॉम्बस्फोट झाल्यानंतर सेंट अ‍ॅन्स चौकात लोक स्तब्ध उभे होते, तेव्हा शांतता संपताच गर्दीतून आपोआप उमटले ते नोएलचे ‘डोन्ट लुक बॅक इन अँगर’. ऑल्बर्नच्या एवढ्या मोठ्या कामात त्या जागी म्हणता येईल असे गाणे आम्हाला शोधूनही सापडले नाही.

दोघांचे भांडण कधीच मिटले आहे. मार्च २०१३ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कर्करोगग्रस्त तरुणांच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात ते ब्लरचे ‘टेंडर’ एकत्र गायले. २०१७ मध्ये गोरिलाझच्या एका गाण्यात नोएलचा आवाज आला. आणि मंडळींना अधिक जवळची वाटेल अशी बातमी म्हणजे, २०२५ मध्ये जाहीर झालेल्या गोरिलाझच्या ‘द माउंटन’ या अल्बममध्ये आशा भोसले यांचा स्वर आहे. सांगलीत जन्मलेल्या, मंगेशीच्या घराण्यातल्या आशाताई लंडनच्या ऑल्बर्नच्या चालीवर गातात, हे १९९५ मध्ये कुणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर नोएलसाठी ‘द मास्टरप्लॅन’ हा १९९८ चा संग्रह घ्या, त्याने टाकून दिलेली तीच गाणी त्यात आहेत. ऑल्बर्नसाठी आधी ‘१३’ आणि मग ‘डेमन डेज’. ‘कंट्री हाउस’ आणि ‘रोल विथ इट’ शेवटी ऐकलीत तरी चालेल.